पाणीकपात सुरू आहे, वेळ ठरवून पाणी सोडतोय तरी वापर कमी होत नाहीये, काय करावं?

अंगणवेल:

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट उत्तर देऊ शकणार नाही म्हणून लिहितेय.

आमच्या भागात सलग दोन पावसाळे कोरडे गेलेत. ज्या धरणातून पाणी येतं ते मृतसाठ्याला टेकलंय आणि पुढच्या पावसाला अजून चार महिने आहेत, तोही वेळेवर आला तर. नळाला पाणी एक दिवसाआड आणि तेही कमी दाबाने. आमची २४ घरांची चार मजली इमारत, माणसं मोजली तर ८६. खाली जमिनीत एक टाकी, तिथून पंपाने पाणी गच्चीवरच्या टाकीत जातं आणि तिथून घरोघरी. पाण्याचं काम सध्या मी बघते, म्हणजे कोणाच्या नळाला धार नाही आली की फोन मला येतो.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही मीटिंग घेऊन ठरवलं की गच्चीवरून पाणी सकाळी ४५ मिनिटं आणि संध्याकाळी अर्धा तासच सोडायचं. वाटलं होतं वापर निम्म्यावर येईल. पण टाकी जवळपास पूर्वीइतकीच रिकामी होतेय! व्हॉल्व्ह उघडला की २४ घरांतले सगळे नळ एकदम सुरू, पिंपं, बादल्या, कळशा, पातेली, जे मिळेल ते भरून ठेवतात, खालच्या मजल्यांवर धो धो येतं आणि चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार. तिथे एक आजी-आजोबा राहतात, दोघांचीही पंच्याहत्तरी उलटलीय. परवा संध्याकाळी मी व्हॉल्व्ह बंद करून खाली उतरत होते तर आजी दारात उभ्या, हातात अर्धी भरलेली बादली, आणि म्हणाल्या अगं दुसरी लावणार तेवढ्यात गेलं बघ. तेव्हापासून मला झोप लागत नाहीये नीट.

आता काही जणांचं म्हणणं की नवीन खोल बोअर घेऊ, जुनी आटलीय. काही म्हणतात टँकर लावा आणि विषय संपवा. माझं म्हणणं आधी हे कळू दे की एका माणसाला दिवसाला खरंच किती पाणी लागतं, आमचं नक्की जातंय कुठे, आणि आठवडा आठवडा भरून ठेवलेलं पाणी लहान मुलांना चालतं का. ज्यांनी हे प्रत्यक्ष निभावलंय त्यांनी प्लीज सांगा.

थेंबमोजणी:

अंगणवेल ताई, मी ३१ वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात काढली, त्यात दुष्काळाची वर्षं पण बरीच आली. तुमचा अनुभव अजिबात नवीन नाही, जिथे जिथे वेळ वाटून देतात तिथे हेच होतं.

कारण साधं आहे. पाणी ठराविक वेळेलाच येणार म्हटलं की माणूस गरजेपुरतं नाही भरत, भीतीपुरतं भरतो. आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं उरलेलं शिळं म्हणून ओतून देतो! हे मी स्वतः शेकडो घरांत पाहिलंय, पिंपातलं ७०-८० लिटर स्वच्छ पाणी मोरीत, का तर नवीन भरायचंय. अहो झाकून ठेवलेलं पाणी एका दिवसात शिळं होत नसतं. वरून काही लोक नळ उघडाच ठेवून कामाला जातात, पाणी नव्हतं म्हणून नळ बंद करायचा राहिला आणि पाणी आल्यावर बादली भरून वाहत राहते.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं, वेळ वाटू नका, लिटर वाटा. आणि लिटर वाटायचे तर आधी मोजावे लागतील.

आज रात्री एक करा. गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून रात्री ११ ला पातळीची खूण करा, पंप बंद, आणि घरांकडे जाणारा व्हॉल्व्ह एक रात्र मुद्दाम उघडा ठेवा (कोणाला सांगू नका, सांगितलंत तर रात्रीच भरायला बसतील). पहाटे ५ ला परत काठी बुडवा. माणसं झोपलेली असताना जेवढी पातळी उतरली त्यातलं बहुतेक पाणी गळतीचं. टाकीची लांबी गुणिले रुंदी गुणिले उतरलेली उंची, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला हजाराने गुणलं की लिटर मिळतात.

मग गळती शोधायला घरोघरी जा, आणि सगळ्यात आधी फ्लशची टाकी बघा. टपकणारा नळ दिसतो, ऐकू येतो, त्याची तक्रार होते. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला वीसेक लिटर जातात, ते पण वाईटच, पण फ्लशच्या टाकीतला रबरी वायसर झिजला की भांड्यात आतल्या आत पाण्याची पातळ चादर सरकत राहते, आवाज नाही काही नाही, आणि दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकतात. ओळखायची युक्ती म्हणजे फ्लशच्या टाकीत कपड्याला घालायच्या निळीचे चार थेंब टाकायचे आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात निळं उतरलं की गळती पक्की.

दुसरी गोष्ट धारेची. एक लिटरची बाटली नळाखाली धरून सेकंद मोजा. ५ सेकंदात भरली म्हणजे मिनिटाला १२ लिटर, हात धुवायला एवढी धार कशाला हवी? खालच्या मजल्यांचे कॉक पाऊण बंद करा, १० ते १२ सेकंद लागले पाहिजेत. यानेच चौथ्या मजल्याच्या आजींना धार मिळेल, कारण खालचे ओढून घेतात म्हणून वर दाब राहत नाही.

माणशी किती लागतं ते पण सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पिणं, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, संडास या बहुतेक गरजा माणशी रोज ५० ते १०० लिटरमध्ये नीट भागतात. आपत्तीच्या छावण्यांमध्ये किमान १५ लिटरचा हिशोब धरतात पण ते तगून राहण्यापुरतं. तुमच्या ८६ माणसांना ८० लिटरने ६,८८० लिटर रोज. हा आकडा कागदावर लिहा आणि तुमचा आजचा वापर त्याच्या शेजारी लिहा, मीटिंगमध्ये भांडण निम्मं कमी होईल.

दूरचीपावलं:

मी २०१७-१८ मध्ये नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला होते. तिथे सलग तीन हिवाळे (त्यांचा पाऊस हिवाळ्यात असतो) कोरडे गेले होते. थीवॉटर्सक्लूफ म्हणून त्यांचं सगळ्यात मोठं धरण आहे, तिथे आम्ही एकदा गेलो होतो, पाणी असायला हवं तिथे नुसती वाळू, मेलेल्या झाडांचे बुंधे वर आलेले आणि वारा सुटला की डोळ्यात धूळ. ते बघून आल्यावर घरी नळ सोडताना हात थबकायचा.

१ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. त्याआधी ८७ लिटर होती. आणि धरणांचा साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरांचे नळ बंद करून शहरभरातल्या सुमारे २०० ठिकाणी रांगेत माणशी २५ लिटर मिळणार असं जाहीर झालं होतं, त्या दिवसाला डे झीरो म्हणायचे. एप्रिल २०१८ मधली तारीखही आली होती. तो दिवस शेवटी आला नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात शहर रोज साधारण १२० कोटी लिटर वापरत होतं ते तीन वर्षांत निम्म्याच्याही खाली आलं, शेतकऱ्यांच्या एका संघाने आपल्या वाट्याचं साठवलेलं पाणी शहरासाठी सोडलं, आणि २०१८ च्या हिवाळ्यात पाऊस बरा झाला.

थेंबमोजणी काका म्हणतात ते किती खरं आहे हे मी जगलेय. आमच्यावर वेळेचं बंधन नव्हतं, पाणी २४ तास होतं, बंधन लिटरचं होतं. धरणात किती टक्के पाणी उरलं ते दर आठवड्याला सगळ्यांना दिसायचं. कोणत्या घराचा वापर मर्यादेत आहे ते नकाशावर हिरव्या ठिपक्याने कळायचं आणि खरं सांगते, आपल्या घरावर हिरवा ठिपका असावा याची आम्हाला ओढ लागली होती. जास्त वापरलं तर दर चढत जायचा.

५० लिटर म्हणजे प्रत्यक्षात काय तर माझा हिशोब असा होता: दोन मिनिटांची अंघोळ, साधारण १५ ते १८ लिटर, आणि ती टबमध्ये उभं राहून, सगळं पाणी बादलीने उचलून संडासात. त्यामुळे फ्लशला नवीन पाणी शून्य. स्वयंपाक आणि पिणं मिळून ६-७, भांडी ८-९, हात तोंड दात ४-५. उरलेलं कपड्यांसाठी साठत जायचं, कपडे आठवड्यातून एकदा, मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही. पहिले दहा दिवस चिडचिड झाली, नंतर अंगवळणी पडलं.

एक मात्र सांगायलाच हवं. आम्ही पाणी वाचवतोय म्हणून एकमेकांना शाबासकी देत होतो तेव्हा त्याच शहराच्या झोपडवस्त्यांमध्ये लाखो माणसं आधीपासूनच सार्वजनिक नळावरून भरून आणत होती, त्यांना कुठला डे झीरो, त्यांचं रोजचंच होतं ते. त्यामुळे समान वाटप म्हणताना कोणाच्या हातात किती बळ आहे हेही बघायचं असतं. ताई तुमच्या आजी-आजोबांचा कोटा लिटरने ठरवा आणि तो त्यांच्या घरात पोचवायची जबाबदारी कोणीतरी घ्या.

शून्यापासून:

सगळं वाचलं. मला एक कळत नाही, जगात जमिनीतून नद्यांतून जेवढं गोडं पाणी उपसलं जातं त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास शेतीला जातं, उरलेल्यातलं बरंच कारखान्यांना, आणि आपण इथे फ्लशच्या टाकीत नीळ टाकत बसायचं? माझा विरोध नाही पण हे सगळं सामान्य माणसावर ढकलणं मला पटत नाही. उसासारख्या पिकांना पाणी देऊन धरण रिकामं करायचं आणि मग घरातल्या बाईला सांगायचं भांडी कमी पाण्यात घासा. पाणी भरायला शेवटी कोण उठतं पहाटे? बहुतेक घरांत बाईच.

थेंबमोजणी:

शून्यापासून, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि तो लावून धरलाच पाहिजे. हिवरे बाजारचं उदाहरण बघा. तिथे दरवर्षी पाऊस मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, ऊस-केळी नाही. पोपटराव पवार सरपंच असताना हे उभं राहिलं. म्हणजे पीक ठरवताना लिटर मोजले की गाव तरतं. पण तो ताळेबंद मागायला जाल तेव्हा तुमच्या हातात स्वतःच्या इमारतीचा आकडा असेल तर तुमचं म्हणणं कोणाला झटकता येणार नाही. दोन्ही करायचं.

कातळखूण:

बोअरबद्दल मी लिहितो, माझं शिक्षण आणि काम भूजलाचं आहे.

आधी एक गैरसमज काढू. खाली कुठेतरी पाण्याचा तलाव किंवा वाहती नदी आहे आणि तिथवर पोचलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. कठीण खडकाच्या प्रदेशात तसं काही नसतं. वरचा मातीचा आणि मुरमाचा थर, त्याखाली झिजलेला खडक, त्याखाली घट्ट कातळ. पाणी असतं ते मुरमात, झिजलेल्या खडकात आणि कातळाच्या भेगांत. जितकं खोल जाल तितक्या भेगा साधारणपणे कमी आणि बारीक होत जातात. म्हणून २०० फुटांची आटली तर ६०० ला नक्की लागेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, लागलं तर ते बऱ्याचदा फार वर्षांपूर्वी मुरलेलं पाणी असतं, जे तुम्ही दोन उन्हाळ्यांत उपसाल आणि भरून यायला पिढ्या लागतील.

नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करताना पाहिलंय का कोणी? हाताने खड्डा केला की चारी बाजूंनी पाणी त्या खड्ड्याकडे सरकत येतं. शेजारी कोणी आणखी खोल खड्डा केला की आधीचा झिरा कोरडा पडतो. बोअरचं नेमकं असंच आहे, पंप चालू झाला की भोवतालची पातळी फनेलसारखी खाली ओढली जाते. तुमच्या नव्या खोल बोअरला लागलेलं पाणी हे शेजारच्या इमारतीच्या विहिरीतून ओढलेलं असू शकतं. मग ते आणखी खोल जाणार. मग परत तुम्ही. एका वस्तीत १० वर्षांत बोअरची खोली तिप्पट झालेली मी मोजलीय आणि शेवटी सगळ्यांच्याच कोरड्या.

खोल पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याचा धोकाही काही खडकांत असतो. लिटरला १.५ मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, त्याच्या वर सतत गेलं तर आधी मुलांच्या दातांवर डाग आणि फार जास्त असेल तर पुढे हाडांवर परिणाम. चवीला कळत नाही, उकळूनही जात नाही, उलट उकळल्यावर पाणी आटून थोडं वाढतंच. त्यामुळे कुठल्याही बोअरचं पाणी तपासल्याशिवाय प्यायला घेऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर नवीन बोअरवर एक दमडीही न घालता जुनीकडे आधी बघितलं असतं. दोरीला वजन बांधून आत सोडा, ओलं कुठे लागतं ते मोजा. सध्या किती फुटांवर पाणी आहे? दहा मिनिटं पंप चालवून बंद करा आणि पातळी परत यायला किती तास लागतात बघा. दिवसाला ५०० लिटर हळूहळू झिरपत असतील तर तेवढेच घ्यायचे, फक्त संडासासाठी, जास्त ओढायचं नाही. टायमर लावून दिवसातून चार वेळा थोडं थोडं काढलं तर पंपही जळत नाही. तुम्हाला वाटतंय ती आटलीय, पण कदाचित तिला भरायला वेळच मिळत नसेल.

आणि पाऊस यायच्या आत गच्चीचं पाणी पकडायची सोय करून ठेवा, आत्ताच, जूनची वाट बघू नका. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुमची गच्ची २०० चौरस मीटर धरली तर १० मिलिमीटरच्या एका साध्या सरीत २,००० लिटर, वाया जाणारं सोडलं तरी १,६०० हातात. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायचं, त्यात गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. नंतरचं वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत, टाकी भरली की जास्तीचं शोषखड्ड्यात. बोअरमध्ये थेट सोडणार असाल तर गाळणी पक्की हवी, आणि अंघोळीचं किंवा भांड्यांचं पाणी बोअरमध्ये कधी म्हणजे कधीच सोडायचं नाही, एकदा भूजल नासलं की आपल्या हयातीत साफ होत नाही.

ओलावा:

साठवलेल्या पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, साथीच्या रोगांवर काम करते.

टंचाईत माणसं तहानेपेक्षा जुलाबाने जास्त आजारी पडतात. कारण पुरवठा बंद असतो तेव्हा पाइपात दाब नसतो आणि जिथे जिथे चीर आहे तिथून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं, शेजारून गटार जात असेल तर तेच. त्यामुळे बऱ्याच वेळाने पाणी आलं की पहिली बादली गढूळ असते. ती फेकू नका, पण पिऊही नका, संडासासाठी वेगळी ठेवा. आणि नळाच्या लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढणारे असतात ना, त्यांना कळकळीने सांगा की तुम्ही नुसतं शेजाऱ्याचं पाणी नाही ओढत, गटाराचं पण ओढताय आणि ते सगळ्या गल्लीला पाजताय.

पिण्याचं पाणी वेगळ्या भांड्यात, घट्ट झाकण, शक्यतो खाली तोटी असलेलं. हात किंवा पेला आत बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं वापरा. पाणी स्वच्छ निघालं तरी भांड्यात बोटं बुडाली की संपलं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. इंधन नसेल तर सुगंध न घातलेलं साधं ५-६ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (द्रवरूप ब्लीच), लिटरला २ थेंब, अर्धा तास झाकून ठेवा. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळा आणि ४ थेंब घाला. अर्ध्या तासाने हलकासा क्लोरीनचा वास यायला हवा. असं केलेलं पाणी झाकून ठेवलं तर मुलांना चालतं, ताई काळजी करू नका.

आता डास. डेंग्यूचा डास बहुतेक वेळा स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक पिंप पूर्ण वापरून रिकामं करायचं (ओतून नाही, वापरून!) आणि आतली बाजू काथ्याने खरवडून घासायची. घासणं महत्त्वाचं आहे कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी राहून महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. मी टॉर्च लावून दाखवते लोकांना, काळे बारीक ठिपके, रव्यापेक्षाही बारीक. ज्या पिंपाला झाकण नाही त्याला जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड नाडीने घट्ट बांधा.

हात धुण्याचं पाणी मात्र कमी करू नका. संडासातून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं ही शेवटची कापायची गोष्ट आहे. त्याला धार नको, एक पेला पाणी पुरतं, पण हवंच.

मातीतलाहात:

झाडांचं कोणी विचारलं नाही पण सांगतो, कारण टंचाईत पहिली कुऱ्हाड झाडांवरच येते. हिरवळ मरू द्या, पावसात परत येते. मोठं झाड गेलं तर १५-२० वर्षं गेली. झाडाच्या बुंध्यापासून दोन अडीच हात लांब, भाजलेलं पण वरून चकचकीत लेप न दिलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. वर पाचटाचा किंवा वाळक्या पानांचा चार बोटं थर द्या. अंघोळीचं पाणी चालतं पण त्याच दिवशी वापरा, साठवलं की कुजतं. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी रोज एकाच झाडाला देऊ नका, मातीत क्षार साठून ती घट्ट होते. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे बाहेर फेकलं जातं ना, एका पेल्यामागे दोन-तीन पेले जातात, ते पण झाडाला नको, फरशी पुसायला आणि संडासाला घ्या.

अंगणवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच डोळ्यात पाणी आलं वाचून. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

काठीची परीक्षा केली. आमची गच्चीवरची टाकी ३ मीटर बाय २ मीटर. रात्री ११ ते पहाटे ५ मध्ये पातळी १४ सेंटिमीटर उतरली, म्हणजे ८४० लिटर! सहा तासांत, सगळे झोपलेले असताना. मी तीनदा आकडेमोड केली, विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या चार मुलांना घेऊन घरोघरी नीळ टाकत फिरले, मुलं एवढी मनापासून करत होती, पाच घरांत भांडं निळं झालं. त्यातलं एक घर माझं. शिवाय जिन्यामागे एका जोडातून भिंतीला ओल होती ती आम्ही सगळे वर्षभर जुन्या पावसाची समजत होतो, पाऊस कुठला आलाय दोन वर्षांत. वायसर बदलले, जोड बदलला. परत मोजलं तर ३ सेंटिमीटर, १८० लिटर.

मग मीटिंग. भिंतीवर मोठा कागद लावला, ८६ गुणिले ८० आणि शेजारी आमचा खरा वापर. आवाज चढले, पण बोअरचा विषय कोणी पुढे रेटला नाही. जुन्या बोअरमध्ये दोरी सोडली तर १७० फुटांवर ओलं लागलं, टायमर लावलाय, रोज चारेकशे लिटर निघतात, ते फक्त संडासासाठी वेगळ्या पिंपात. आता वेळेचं बंधन काढलंय आणि खालच्या दोन मजल्यांचे कॉक आवळलेत. एका घराने मात्र कॉक आवळू दिला नाही, त्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे.

दूरचीपावलं, तुमचं वाक्य मनात राहिलं होतं. आजी-आजोबांच्या दोन पिंपांची जबाबदारी त्यांच्या शेजारच्या कॉलेजच्या मुलाने घेतलीय, तो रोज सकाळी बघून जातो. आजींनी काल मला थांबवून सांगितलं की हल्ली वर रात्रीसुद्धा धार येते.

एकच विचारायचंय, १८० लिटर अजून जातातच आहेत रात्री. ते एवढे लोकांच्या वापरातले असतील का अजून कुठे गळतंय?

थेंबमोजणी:

८६ माणसांत रात्री पंचवीस-तीस जण उठतात, एका फ्लशला ६ लिटर धरा, तिथेच १५० ते १८० झाले. पण खात्री करायची असेल तर एकदा रात्री २ ते ४ मध्ये मोजा, तेव्हा कोणी फारसं उठत नाही. अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरली तर गच्चीवरून खाली येणारी मुख्य लाइन तपासा, कान लावून, रात्रीच्या शांततेत आवाज येतो.

अंगणवेल:

आज रात्री २ चा गजर लावलाय. निळीवाल्या मुलांपैकी दोघांना पण यायचंय, त्यांच्या आयांनी परवानगी दिलीय. आकडा उद्या इथेच टाकते.